दोन मिनिटांचे अंतर

अँटवर्प येथे २२ ऑगस्ट १९२० रोजी ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन हा २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला, ही गोष्ट जगाच्या क्रीडाग्रंथांत नोंदलेली आहे आणि ती तेथेच राहू द्यावी. आमचे लक्ष त्या निकालपत्रकाच्या थोडे खाली आहे. सोळाव्या क्रमांकावर जपानचा शिझो कानाकुरी; वेळ २ तास ४८ मिनिटे ४५ सेकंद. एकोणिसाव्या क्रमांकावर बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. दोघांत बरोबर दोन मिनिटांचे अंतर. जपानने त्या शर्यतीत चार गडी उतरविले होते; त्यांतले उरलेले तिघे चौगुल्यांच्या मागून आले.

या दोन मिनिटांचे पुढे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आपल्याकडचे पुरुष धावपटू मॅरेथॉनमध्ये आज कोठे उभे आहेत, असा प्रश्न दर हिवाळ्यात मुंबईची किंवा पुण्याची मॅरेथॉन आली की वर्तमानपत्रांतून विचारला जातो आणि 'सरकार काही करीत नाही' या वाक्याने मिटविला जातो. आमच्या मते हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि इतिहासाचा म्हणूनच तो पुण्यापासून सुरू करावा लागतो.

डेक्कन जिमखाना या संस्थेची स्थापना १९०६ साली झाली. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष. केंब्रिजला शिकलेला हा गृहस्थ मैदानी खेळांचा मोठा शौकीन होता. पहिले महायुद्ध आटोपल्यानंतरच्या सुमारास जिमखान्याच्या मैदानावर ज्या शर्यती झाल्या, त्या पाहून ते चकित झाले. धावणारी मुले शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली. युरोपातील नियमांची अगर शास्त्रशुद्ध तयारीची त्यांना गंधवार्ताही नव्हती. तरीही लांब पल्ल्याच्या त्यांच्या वेळा परदेशी वेळांच्या शेजारी ठेवण्याजोग्या होत्या. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्याकडे शब्द टाकला, खर्चाचा मोठा भार आपल्या अंगावर घेतला आणि हिंदुस्थानचा छोटासा संघ अँटवर्पला रवाना झाला. त्यात दोन मल्ल होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. धावणाऱ्यांत चौगुले होते, सदाशिव दातार होते, बंगालचे पूर्ण बॅनर्जी होते आणि कर्नाटकाकडचे कैकाडी होते. दातार मॅरेथॉन पुरी करू शकले नाहीत. चौगुल्यांनी ती पुरी केली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर १९२० साली अजून पक्के रुळले नव्हते. अँटवर्पचा मार्ग सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचा, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब होता. चौगुल्यांची गती किलोमीटरला जवळजवळ चार मिनिटे पडते. जादा अंतर वजा घातले तर त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटांच्या आसपास येते. मॅरेथॉनचा कोणताही राष्ट्रीय वारसा पाठीशी नसताना आणि लांबचा समुद्रप्रवास करून गेलेल्या माणसाची ही वेळ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

आता कानाकुरीकडे वळू. हा माणूस १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये धावला होता. त्या दिवशीच्या भयंकर उन्हात तो वाटेतच कोसळला, एका बागेत यजमानांनी त्याला पेय दिले, आणि लाजेने कोणालाही न सांगता तो परत गेला. स्वीडनच्या दप्तरात त्याची नोंद हरवला म्हणूनच राहिली. पुढे १९६७ साली स्वीडिश मंडळींनी त्याला बोलावून घेतले आणि म्हातारपणी त्याने ती शर्यत एकदाची पुरी केली. वेळ भरली चोपन्न वर्षे आठ महिने आणि वर काही दिवस. ही गोष्ट सांगितली की श्रोते हसतात, आणि हसावेच. परंतु कानाकुरीचे खरे कर्तृत्व ते नव्हे. आपण एकटे कोसळलो, कारण आपल्या मागे धावणाऱ्यांची फळीच नव्हती, असे त्याने ताडले असावे. कारण त्याने पुढे जे केले ते फळी उभारण्याचेच काम होते. अँटवर्पला जाण्यापूर्वी, त्याच १९२० सालच्या फेब्रुवारीत, त्याच्या प्रेरणेने टोकियो ते हाकोने आणि परत अशी महाविद्यालयांची साखळी शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी चार संस्था उतरल्या. आज ही शर्यत २ आणि ३ जानेवारीला होते. अंतर सुमारे २१७ किलोमीटर, दोन दिवसांत दहा टप्पे, दहा धावपटू. पाचवा टप्पा डोंगर चढण्याचा. त्या टप्प्यावर जो विलक्षण धावतो त्याला जपानी लोक 'डोंगराचा देव' अशी पदवी देतात. नववर्षाच्या सुटीत घरोघर ही शर्यत दूरचित्रवाणीवर पाहिली जाते.

साखळी शर्यतीचा मर्म असा की ती एका वीराला नव्हे, दहा जणांना तयार करते. संघाला दहावा माणूसही चांगला लागतो. महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर या धावपटूंना कंपन्यांचे संघ नोकरीत घेतात आणि पुन्हा साखळी शर्यतीतच धाववितात. शंभर वर्षांत याचे फळ काय आले? ओत्सु येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये झालेल्या बिवा सरोवराच्या मॅरेथॉनमध्ये केंगो सुझुकी २ तास ४ मिनिटे ५६ सेकंदांत आला, हे एक. पण त्याहून बोलका आकडा असा की त्या एकाच सकाळी २ तास १० मिनिटांच्या आत येणारे चाळीसहून अधिक होते. त्या दिवसापर्यंतच्या आपल्या साऱ्या इतिहासात एकाही भारतीयाला २ तास १० मिनिटांच्या आत येता आले नव्हते.

आणि आपल्याकडे? चौगुले परत आले. त्यांच्या नावाची शर्यत निघाली नाही, पुण्याहून कोठे जाऊन परत येणारी साखळी निघाली नाही. इंडियन ऑलिंपिक असोसिएशन १९२७ साली स्थापन झाली, तिचेही पहिले अध्यक्ष दोराबजीच. परंतु वर्षभरातच ती धुरा पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे गेली आणि मैदानी खेळांचे केंद्र उत्तरेकडे सरकले. पतियाळाने खेळांसाठी पुष्कळ केले, त्याबद्दल तक्रार करण्यास जागा नाही. एवढेच झाले की ज्या मातीतून दोराबजींना ती मुले दिसली होती, त्या मातीकडे पुन्हा पाहणारे कोणी उरले नाही. त्यातून १९२८ साली हॉकीचे सुवर्णपदक आले आणि ऑलिंपिक म्हणजे हॉकी हे समीकरण लोकांच्या मनात बसले.

याच प्रांतात कुस्तीचे काय झाले ते पाहिले म्हणजे फरक कळतो. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. हे पदक एकाएकी आलेले नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले, गावोगाव तालीम होती, वस्ताद होता, जत्रेत फड होता, इनाम होते. पोरगा गावच्या जत्रेत नारळावर लढे, मग तालुक्याला, मग कोल्हापुरास. पायरीवर पायरी होती. धावणाऱ्याला या पायऱ्या कधीच नव्हत्या. वस्तुत: धावणे आपल्या समाजात परके नव्हते, पेशवाईत जासूदजोड्या पत्रे घेऊन पुण्याहून उत्तरेकडे पायी जात, आणि त्यांच्या पायांवर राज्यकारभार चाले. परंतु जासूद हा चाकर. त्याच्या वेगाचे कौतुक दरबारी होई, त्याचा फड कोणी भरविला नाही. कुस्ती ही प्रतिष्ठा आणि धावणे ही चाकरी, ही वाटणी आम्हांस फार जुनी वाटते, आणि तिची छाया आजवर पडलेली दिसते.

मधल्या वर्षांतील नोंदी भराभर सांगून टाकतो. १९२४ साली पॅरिसला महादेव सिंग धावले, १९३६ साली बर्लिनला स्वामी. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत छोटा सिंग यांनी मॅरेथॉनचे सुवर्ण आणि सुरतसिंग माथूर यांनी कांस्य मिळविले. पुढल्या वर्षी हेलसिंकीला माथूर ५२वे आले. यांतल्या कोणाच्याही मागे फळी दिसत नाही.

मग शिवनाथ सिंग. बिहारच्या बक्सर भागातला हा लष्करी जवान, अनवाणी धावण्याबद्दल प्रसिद्ध. १९७४ साली तेहरानच्या आशियाई खेळांत ५,००० मीटरचे सुवर्ण, आणि १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अकरावा क्रमांक. वेळ २ तास १६ मिनिटे २२ सेकंद. शर्यतीचा बराच भाग तो अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टर आणि बिल रॉजर्स यांच्यासारख्यांच्या घोळक्यात पुढे होता. दोन वर्षांनी, १९७८ साली, जालंधर येथे त्याने २ तास १२ मिनिटे ही वेळ दिली. हा राष्ट्रीय विक्रम पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. लोक याचा अभिमान सांगतात. आम्हांला मात्र असे वाटते की एखादा विक्रम इतका काळ टिकणे हा त्या धावपटूचा मान आहे आणि त्याच्या देशाचा आरोप आहे.

आकडे शेजारी ठेवून पाहू. १९७८ साली जगातील सर्वोत्तम वेळ ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटनची, २ तास ८ मिनिटे ३३ सेकंद. शिवनाथ तिच्यापासून साडेतीन मिनिटांहूनही कमी अंतरावर होता. अमेरिकेतील सर्वोत्तम वेळ बिल रॉजर्सची १९७५ सालची, २ तास ९ मिनिटे ५५ सेकंद. तिच्यापासून तर तो केवळ दोन मिनिटे आणि पाच सेकंद मागे. पुन्हा तीच दोन मिनिटे! त्यानंतर २०२३ साली शिकागोत केनियाच्या केल्व्हिन किप्टमने २ तास ० मिनिटे ३५ सेकंद अशी वेळ दिली. शिवनाथच्या वेळेशी तिचे अंतर अकरा मिनिटे पंचवीस सेकंदांचे. अमेरिकेच्या कॉनर मँट्झने २०२५ साली शिकागोतच २ तास ४ मिनिटे ४३ सेकंद घेतले. तेथे अंतर सात मिनिटांवर गेले. आपण मागे गेलो असे म्हणता येत नाही. आपण उभे राहिलो, आणि जग पुढे गेले.

अमेरिकेचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण तेथेही एकदा घसरण झाली होती. १९७२ साली शॉर्टरने म्युनिकचे सुवर्ण जिंकले, आणि त्या देशात धावण्याची लाट आली. लाखो लोक रस्त्यावर आले. पण धावणारे वाढले म्हणजे उत्तम धावणारे वाढतात, हा समज तेथे खोटा ठरला. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकला एवढ्या मोठ्या देशाचा मॅरेथॉनमध्ये एकच पुरुष जाऊ शकला, रॉड डीहेव्हन, आणि तो ६९वा आला. तेव्हा त्यांचे डोळे उघडले. एकट्याने धावणाऱ्यांना एकत्र राहण्याची सोय करून देणारे गट त्या सुमारास निघाले. काही मिशिगनमध्ये, काही कॅलिफोर्नियाच्या डोंगरात. २००४ साली अथेन्सला मेब केफ्लेझिगीने रौप्यपदक आणले, २०१६ साली रिओत गेलन रपने कांस्य. म्हणजे जपानने १९२० मध्ये जे केले तेच अमेरिकेने ऐंशी वर्षांनी आपल्या पद्धतीने केले: धावणाऱ्याला सोबत दिली.

आपल्याकडेही लाट आली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि त्या काळी तिने या शहराला मोठी हौस लावली. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली निघाली. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ पासूनची. आज पुणे-मुंबईकडे हिवाळ्यातील क्वचितच एखादा रविवार शर्यतीवाचून जातो. मुंबईत परदेशी आणि भारतीय धावपटूंची बक्षिसे वेगळी ठेवलेली आहेत. या व्यवस्थेवर टीका पुष्कळ होते. ती अर्धी खरी आहे. वेगळे बक्षीस नसते तर आपल्या गरीब घरच्या धावपटूला या धंद्यात राहणेच परवडले नसते. पण वेगळे बक्षीस असल्यामुळे त्याची लढत आपल्याच दोघा-तिघा सोबत्यांशी होते. पुढे गेलेल्या आफ्रिकी घोळक्याकडे पाहण्याची गरज त्याला उरत नाही. हेले लेमी या इथिओपियाच्या धावपटूने २०२३ साली मुंबईत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंद घेतले. त्याच रस्त्यावर नितेंद्रसिंग रावतने २०१६ साली २ तास १५ मिनिटे ४८ सेकंद घेऊन भारतीयांत उच्चांक केला होता. रस्ता एक, पण शर्यती दोन.

त्या २०१६ च्या मुंबईची हकिकत मात्र सांगण्यासारखी आहे. केरळचा थोनाकल गोपी त्या दिवशी स्पर्धेसाठी उतरलाच नव्हता. रावतला गती देण्यासाठी त्याला काही अंतर सोबत धावावयाचे होते. तो थांबला नाही; धावतच राहिला, दुसरा आला आणि रिओचे तिकीट मिळवून बसला. तिसरा आलेला खेता राम हाही पात्र ठरला. तिघेही लष्करातले. रिओत गोपी २५वा, वेळ २ तास १५ मिनिटे २५ सेकंद. त्याच्या मागे एका सेकंदावर खेता राम २६वा. हे दोघे शेवटपर्यंत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावले म्हणूनच ही वेळ निघाली, असे आमचे मत आहे. सोबतीचा याहून स्वच्छ पुरावा आम्हांला ठाऊक नाही. २०१७ साली गोपीने आशियाई मॅरेथॉन जिंकली. २०१९ साली सेऊलला २ तास १३ मिनिटे ३९ सेकंदांपर्यंत तो पोहोचला. त्याची ही तयारी पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये झालेली, जी २००१ साली स्थापन झाली. दोराबजींनंतर ऐंशी वर्षांनी पुण्यात लांब पल्ल्याच्या धावणाऱ्यांना एक घर मिळाले, ते लष्कराच्या आवारात.

येथे थोडे थांबून माँट्रियल आणि रिओ यांची तुलना करून पाहा. १९७६ मध्ये शिवनाथ विजेत्याच्या साडेसहा मिनिटे मागे होता, २०१६ मध्ये गोपी विजेत्या किपचोगेच्या सहा मिनिटे एकेचाळीस सेकंद मागे. अंतर जवळजवळ तेच. पण शिवनाथ अकरावा होता आणि गोपी पंचविसावा. तेवढ्याच मिनिटांत आता आणखी चौदा माणसे मावू लागली. कानाकुरीने ओळखलेली फळी ती हीच. त्यानंतर टोकियोसाठी पात्रतेची वेळ २ तास ११ मिनिटे ३० सेकंद ठरली, म्हणजे आपल्या तत्कालीन राष्ट्रीय विक्रमाहूनही कडक. पॅरिससाठी ती २ तास ८ मिनिटे १० सेकंद झाली. दोन्ही ऑलिंपिकमध्ये आपला एकही गडी मॅरेथॉनला नव्हता. २०२४ च्या जानेवारीत हाँगकाँगला मान सिंगने २ तास १४ मिनिटे १९ सेकंदांत आशियाई अजिंक्यपद मिळविले, ते आनंदाचे. परंतु तेवढ्याने पॅरिसचे दार उघडले नाही.

महाराष्ट्राचे म्हणून जे नाव आज घ्यावयाचे ते बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे. त्याचा खरा प्रांत ३,००० मीटरच्या अडथळ्यांचा. तेथे त्याने २०२२ साली राष्ट्रकुल खेळांत केनियाच्या मक्तेदारीत शिरून रौप्य घेतले. पण नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीला तो अर्धमॅरेथॉन धावला आणि १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत आला. एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. लहानपणी शाळेसाठी रोज पायपीट, मग लष्कर, सियाचीनची चाकरी, आणि मग धावणे. चौगुल्यांच्या काळची ती मुले आणि हा मुलगा यांच्यात आम्हांला फारसा फरक दिसत नाही. (कविता राऊत, ललिता बाबर यांचा इतिहास तर याहून उजळ आहे, पण तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय.) एवढा वेग अंगी असलेला माणूस अडथळ्यांकडे राहिला यात त्याचा दोष नाही. पदक तेथे दिसत होते. मॅरेथॉनकडे एकट्याने जाऊन त्याला सोबत कोणाची मिळणार होती?

आता धायरीकरांच्या ओळखीच्या रस्त्यावर येतो. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे, पुणे साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे डोणज्यापर्यंत लांबलचक सरळ धाव आणि मग गोळेवाडीपासून वळणावळणाची चढण. हाकोनेच्या पाचव्या टप्प्याशी नाते सांगणारा असा रस्ता फार थोड्या शहरांच्या दाराशी असेल. पहाटे धायरी फाट्यावर उभे राहिले तर त्या दिशेने पळत जाणारे दिसतात, पण बहुतेक एकेकटे. डेक्कन जिमखान्याच्या मैदानापासून गडावर आणि परत अशी महाविद्यालयांची साखळी शर्यत सुरू करावयास परदेशी तज्ज्ञ लागत नाही, स्टेडियमही लागत नाही. रविवारी पहाटे रस्ता मोकळा ठेवणारे पोलीस आणि हट्टाने वीस वर्षे तीच शर्यत भरविणारी एक समिती लागते. जाऊन-येऊन अंतर साठ किलोमीटरांच्या घरात भरते. संघात सहा जण घेतले तर एकेकाच्या वाट्याला दहा किलोमीटर येतात, आणि तिसरा टप्पा, गडाच्या चढणीचा, कोणाला द्यावयाचा यावरून पहिल्याच वर्षी प्रत्येक महाविद्यालयात भांडणे होतील.